मागच्याचा हात

पाण्याचा दिवस होता, म्हणजे घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नाही असा दिवस. जुळे सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. चार दिवसांनी नळ येतो, दोन तास टिकतो, आणि त्या दोन तासांत माणूस बादली, कळशी, टाकी आणि बाल्कनीतलं निळं पिंप यांचा नोकर असतो. मी पिंपात पाइप सोडून उभा होतो, सकाळचे सात वाजले होते, आणि पिंकीचा फोन आला. पिंकी कुंभारीची. तेवीस वर्षांची. दर रविवारी मी एका शाळेच्या मैदानावर लाकडी भिंत उभी करून पोरांना चढायला शिकवतो, तिथं ती सहा वर्षांपूर्वी चप्पल हातात घेऊन आली आणि परत गेलीच नाही. "सर, बिझी हाय का?" म्हणाली. मी म्हटलं, पाणी भरतोय, बोल. "ह्या रविवारी चढतोय सर ढोल्याकडा. मी आणि बाळासो. एकच विचारायचं होतं. वरच्या चिरेत तुमी आणि गुरुसरांनी कड्या लावल्याच नव्हत्या, व्हय ना?" मी पिंपातला पाइप हलवून बघितला. तिला वाटलं आवाज जात नाही, म्हणून ती मोठ्यानं बोलायला लागली. "नाही म्हंजे, आमी लई हिशोब मांडला सर. खालचं सगळं तुमच्याइतकंच होतंय. पण सगळ्या कड्या लावून वर गेलो की तेरा मिनिटं जास्त लागत्यात. ती तेरा मिनिटं कुटंच कापता येत न्हाईत, वरच्या चिरेशिवाय. म्हणून म्हटलं तुमी तितं तसंच गेला असणार, मोकळे." आणि मी म्हणालो, "हं."

एवढंच. हं. आता याला कुणी खोटं बोलणं म्हणेल का? मी स्वतःला हेच विचारत राहिलो. तिकडून पिंकी म्हणाली, "मला वाटलंच! मी बाळासोला तेच सांगत होते," आणि तिच्या आवाजात असा काही आनंद होता, मोठ्या माणसाचं गुपित आपल्याला कळलं म्हणून लहान पोराला होतो ना, तसा. फोन बंद झाला. पिंप भरून पाणी बाल्कनीतून आत आलं होतं, हॉलमधल्या सतरंजीपर्यंत पोचलं होतं. धम्मप्रिया स्वयंपाकघरातून धावत आली, नळ बंद केला, आणि सतरंजी उचलून बाजूला ठेवली. ती शाळेत शिकवते, रागावली की शांत होते. मग म्हणाली, "अहो, चार दिवसांचं पाणी होतं ते. कुणाचा फोन होता एवढा?" मी म्हटलं, पिंकीचा. "पडली का काय पोर?" मी म्हटलं, नाही, अजून नाही. मी फडकं घेऊन खाली बसलो आणि पाणी टिपायला लागलो.

ज्यांना कड्याचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, म्हणजे माझी लबाडी नीट कळेल. जुन्नरच्या पलीकडं ढोल्याकडा आहे, अकराशे फुटांचा सरळ दगड. दोघं चढतात, मधे दोर. पुढचा चिरेत पाचर ठोकतो, पाचरीला कडी, कडीत दोर, की झालं. पडला तर त्या कडीच्या थोडं खाली लोंबकळेल, मरणार नाही. मागचा येताना ती पाचर काढून घेतो आणि कमरेला अडकवतो. एक कडी लावायला मिनिट जातं, काढायला मिनिट जातं. वेगानं चढणाऱ्याला ती मिनिटंच खटकतात. आणि वेळ मोजायची आमची रीत ठरलेली. खालच्या दगडावरून पुढच्याचा पाय उचलला की घड्याळ सुरू. माथ्यावर एक पांढरा रंग दिलेला दगड आहे, त्याला मागच्याचा हात लागला की घड्याळ बंद. पुढच्याचा नाही, मागच्याचा. कुणी घातलीय ही रीत ते मला माहीत नाही, पण ज्यानं घातली तो शहाणा होता. जोडीदाराला खाली लोंबकळत ठेवून कुणी वर जाऊन नाचू नये, एवढाच तिचा अर्थ.

एकोणीस वर्षांपूर्वी मी आणि माझा जोडीदार गुरु, आम्ही ढोल्याकडा तीन तास एक्कावन्न मिनिटांत सर केला. त्याआधीचा वेळ होता पुण्याच्या पोरांचा, चार तास पाच मिनिटं. आमच्यानंतर तीन-एक्कावन्न कुणी मोडू शकलं नाही. गिर्यारोहणाच्या गप्पांत अजून तो आकडा निघतो, सोलापूरची पोरं म्हणून नाव निघतं, आणि सोलापूर म्हणजे काय, सपाट! एक टेकडी धड नाही. म्हणून तर कौतुक. आता खरं सांगतो. वरच्या चिरेत मी सात कड्या लावल्या होत्या. सातच्या सात, मला प्रत्येकीची जागा आठवते, कारण तिथला दगड ठिसूळ आहे आणि मी भ्यालेलो होतो. चीर संपली, मी माथ्यावर आलो, समोर तो पांढरा दगड, आणि माझा हात त्या दगडाला लागला, आणि उजव्या अंगठ्यानं डाव्या मनगटावरचं बटण दाबलं. मी दाबलं म्हणत नाही बघा, अंगठ्यानं दाबलं म्हणतो. एवढी वर्षं मी स्वतःशी असंच बोलतोय. घड्याळात तीन, एक्कावन्न आणि काही सेकंद. गुरु अजून खाली होता. दोर ताठ होता, हलत नव्हता. सातवी पाचर अडकली होती त्याची, हातोडीचा आवाज येत होता, टक, टक, मग शांत, मग पुन्हा टक. मी ओरडायला हवं होतं, सोड ती पाचर, ये वर. पण गुरु मागे काही सोडून येणारा माणूस नव्हता आणि मलाही ओरडायची काही घाई उरली नव्हती, कारण माझं घड्याळ थांबलेलं होतं. मी बसून राहिलो. उन्हानं दगड तापला होता, खालून चुन्यासारखा वास येत होता, बोटांची सालटी गेली होती त्यात घाम झोंबत होता. किती वेळ बसलो ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. गुरु वर आला, दगडाला हात लावला, धापा टाकत माझ्या मनगटाकडे बघितलं आणि विचारलं, "बंद कवा केलंस?" मी म्हणालो, "तू हात लावलास तेव्हा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग मला मिठी मारली.

पुढं सगळं आपोआप होत गेलं. छे, आपोआप कसलं! मी होऊ दिलं. पेपरात फोटो आला. जयंतीला आमच्या विहारात सत्कार झाला, आणि माझे वडील रावसाहेब, जे आयुष्यभर गिरणीच्या मागावर उभे राहिले आणि गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीच्या दारावर बसले, ते पहिल्या रांगेत पांढरा शर्ट घालून बसले होते. त्यांना कडा म्हणजे काय, चढतात कशाला, काही कळत नव्हतं. पण त्यांनी त्या बातमीचं कात्रण घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. भेटेल त्याला काढून दाखवायचे. घडीवर फाटलं तर मागून चिकटपट्टी लावली. पाच वर्षं तरी तो कागद त्यांच्या खिशात होता. मी त्यांना हॉटेलात, बसस्टँडवर, एकदा तर दवाखान्याच्या रांगेत कुणाला तरी तो कागद दाखवताना बघितलंय, आणि बघून दुसरीकडे गेलोय. ते गेले तेव्हा मला रडू आलं त्यात एक कणभर सुटकाही होती. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. बाप गेल्यावर सुटल्यासारखं वाटणाऱ्या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

गुरुवारी ऑफिसात मी दिवसभर एकाच फायलीचं एकच पान उघडून बसलो. पाटबंधारे खात्यात वीस वर्षं कारकुनी केली की तेवढी सवलत मिळते, कुणी विचारत नाही. डोक्यात मात्र उदयसिंह होता. उदयसिंह पिंकीचा खरा जोडीदार, अक्कलकोटकडच्या एका खेड्यातला, हसरा, अंगानं काटक. जानेवारीत ते दोघं ढोल्याकड्यावर सरावाला गेले आणि तो वरच्या चिरेतून पडला. चाळीस फूट. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली, अजून कुबडीशिवाय चालत नाही, म्हणून त्याच्या जागी आता बाळासो. मी त्याला बघायला गेलो तेव्हा तो म्हणाला होता, "सर, माझी चूक. दुसरी आणि तिसरी कडी मी मुद्दाम सोडली. वेळ वाचवायला." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, तिथला दगडच ठिसूळ आहे रे. कुणाच्याही हातात तुटला असता. त्याच्या आईनं माझ्यासमोर हात जोडले, की सर तुम्ही आहात म्हणून धीर आहे. दगड ठिसूळ आहे हे खोटं नव्हतं. हीच तर माझी खुबी आहे, मी खोटं फार कमी बोलतो. एकदा बोललो, माथ्यावर, चार शब्द. बाकी सगळी वर्षं नुसता हुंकार देऊन भागलं.

पण जानेवारीत निदान ते अंदाजानं कड्या सोडत होते. आता मी सांगितलं म्हणून सोडणार होते. सातच्या सात. दीडशे फुटांच्या चिरेत एकही कडी नाही म्हणजे काय, ते मला कळतं. पुढचा पडला की मागच्याला घेऊन जातो. पिंकी पुढं चढते, मागे बाळासो, दोघांत नुसता दोर, आणि तो दोर दगडाला कुठंच बांधलेला नाही. मी शुक्रवारी तिचा नंबर चार वेळा लावला आणि चारही वेळा पहिली घंटी वाजायच्या आत कापला. काय सांगायचं? की तुझ्या सरांनी चोरी केली? बरं, माझं जाऊ द्या, माझी लाज मी गिळली असती. पण त्या आकड्यात अर्धा गुरु होता. त्याला न विचारता त्याचं कसं उधळून द्यायचं? त्याला तर माहीतच नव्हतं. तो बिचारा एकोणीस वर्षं खरं समजून जगला. मैंदर्गीत त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, खांदा गेलाय, कडा सुटलाय, आणि दुकानात देवाच्या फोटोच्या शेजारी आमच्या दोघांचा फोटो आहे. आधी गुरुला सांगू, मग पिंकीला, असं मी ठरवलं. यात अर्धा भाग गुरुची काळजी होती आणि अर्धा भाग टाळाटाळ, हे मला तेव्हाही कळत होतं. चढाई रविवारी. म्हणजे शनिवार हातात होता.

शनिवारी सकाळी पावणेसातला गाडी काढली. धम्मप्रियानं कुठं म्हणून विचारलं, मी म्हटलं गुरुकडे. ती म्हणाली, "दोन दिवस तुम्ही जेवत नाही आहात. काय झालंय ते गुरुभाऊजींना तरी सांगा मग." अक्कलकोट रोडला लागलो. मार्चचं ऊन सकाळीच डोळ्यावर येत होतं. कुंभारी आलं आणि मी ठरवलं होतं की त्या बाजूला बघायचंच नाही, सरळ जायचं. पण पिंकीची आई दगडाबाई रस्त्याकडेलाच उभी, डोक्यावर विड्यांचं सूप, कारखान्यात माल द्यायला निघालेली. तिनं हात केला. थांबावं लागलं. "सर, हिकडं कुटं? चा घ्या की." मी म्हटलं, घाई आहे. "पोरगी गेली की तिकडं. उद्या हाय म्हनली चढायचं. म्या काय बघाय जात न्हाय, मला नुसतं ऐकून चक्कर येतीया." सूप खाली ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं. तंबाखूचा उग्र वास तिच्या अंगाला होता, माझ्या आजीच्या अंगाला होता तसाच. मग एकदम जवळ येऊन, हळू आवाजात, मला वाटतं तिला लाज वाटत होती विचारायला, म्हणाली, "सर, त्यो दोर पक्का आसतोय न्हवं?" मी म्हटलं, "असतो." "मंग काय न्हाय. तुमी हाय म्हनल्यावर काय न्हाय." मी गाडी चालू केली. हातातून क्लच निसटला, गाडी हिसका देऊन बंद पडली, आणि ती बाई हसली. मी दुसऱ्यांदा चालू केली आणि निघालो. दोर पक्काच असतो. तो कशाला बांधलाय हे तिनं विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं मी सांगत नाही.

मैंदर्गीपर्यंतच्या रस्त्यात मी वाक्यं जुळवत गेलो. गुरु, तुला एक सांगायचंय. गुरु, त्या दिवशी ना. गुरु, माझ्या हातून. प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं आणि पुढं गुरुचा चेहरा यायचा, मिठी मारतानाचा, घामानं आणि धुळीनं माखलेला, आणि वाक्य तिथंच बसायचं. मला वाटत होतं तो रडेल. किंवा मारेल. मारलं तर बरं, असंही वाटत होतं. पोचलो तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. गुरु दुकानाच्या पायरीवर मोटार उघडून बसला होता, हात ग्रीसनं काळे. मला बघून, "यप्पा! बा, बा, ये की, साहेब आले," म्हणून ओरडला, आत गुरम्मावहिनींना कानडीत चहा सांगितला आणि मला बसायला उलटा डबा दिला. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, "गुरु, मी घड्याळ आधी बंद केलं होतं. तू यायच्या आधी. मी माथ्यावर पोचलो तेव्हाच." सगळी जुळवलेली वाक्यं राहिली बाजूला.

गुरुनं पान्हा खाली ठेवला. चिंधीला हात पुसले, एकेक बोट, सावकाश. मग म्हणाला, "मला म्हाईत हाय की."

त्यानं चिंधी पायरीवर टाकली.

"म्या वर आलो तवा आदी तुज्या मनगटाकडंच बगितलं. दगडाला हात लावायच्या आदी. आकडं हलत नव्हतं. म्हनून तर इचारलं तुला, बंद कवा केलंस. म्हटलं ह्यो सांगंल. तू न्हाय सांगितलंस." तो रागानं बोलत नव्हता, हेच मला सोसत नव्हतं. "मंग वाट बगितली. वाटलं खाली उतरल्यावर सांगंल. गावाकडं आल्यावर सांगंल. सत्काराच्या आदी तरी सांगंल. मंग रत्नदीप, खरं सांगू? लोकं मलाबी वळखाय लागली. मोटार दुरुस्तीला येनारा मानूस बी फोटो बगून म्हनायचा, तुमीच का ते. मंग म्याबी गप बसलो. तुज्यासाठी न्हाय, हां. सोतासाठी."

एकोणीस वर्षं मी या माणसाला जपलं. माझं खोटं त्याला कळू नये म्हणून जपलं. दिवाळीला आलो, त्याच्या मुलीच्या लग्नात राबलो, खांद्याच्या ऑपरेशनला आठ दिवस दवाखान्यात झोपलो, आणि प्रत्येक वेळी तो मला बघून हसला तेव्हा मला वाटलं, याला बिचाऱ्याला माहीत नाही. आणि तो माझ्याकडे बघून काय समजत होता? की हा अजून सांगत नाही. मला एकदम राग आला, कुणाचा ते कळेना. मी विचारलं, "किती वेळ अडकला होतास तू?" तो म्हणाला, "पंचवीस मिनटं तरी. जास्तच." म्हणजे चार तास सोळा. म्हणजे आम्ही पुण्याच्या पोरांचाही वेळ मोडला नव्हता. आम्ही काहीच मोडलं नव्हतं. दोन भ्यालेली पोरं नीट कड्या लावून एक कडा चढली होती, आणि चांगली चढली होती, आणि तेवढं पुरलं असतं.

"तुला एकदम आज कशी आटवन झाली?" गुरुनं विचारलं. मी पिंकीचा फोन सांगितला. तिचा प्रश्न सांगितला, आणि मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. आतापर्यंत शांत असलेला तो माणूस उभा राहिला, मांडीवरच्या मोटारीचे सुटे भाग पायरीवर सांडले. "आरं, तिनं मलाबी फोन केलता! बुदवारी. कड्या किती लावल्या म्हनून इचारलं. म्या म्हनलं, रत्नदीपसरांना इचार. म्हटलं आता तरी तुज्या तोंडून येऊ दे. आनि तू हं म्हनलास?" त्याचा आवाज फुटला. "सात पाचरा म्या माज्या हातानं काढल्यात त्या चिरेतनं. सात. आनि तू पोरीला मोकळं जा म्हनलास?" मी म्हटलं, म्हणून तर आलोय, उद्या चढायच्या आत तिला सांगू, दोघं मिळून सांगू. "उद्या?" गुरु म्हणाला. "आरं, आज चढतीया ती. काल सांजच्याला मेसेज हाय तिचा. ऊन वाडतंय, एक दिस आदीच करतोय म्हनून. साडेसहाला सुरू."

मी घड्याळात बघितलं. आठ पन्नास. दोन तास वीस मिनिटं झाली होती. त्या वेगानं वरची चीर तीन तासांच्या सुमाराला येते. पिंकीचा फोन लावला, बंद. चढताना बंदच असणार. मी त्या डब्यावर खाली बसलो. गुरु माझ्या हातातला फोन हिसकावून म्हणाला, "उदयसिंह! त्यो माथ्यावर हाय. घड्याळ घिऊन त्यालाच बसवलंय, मागनं वाटेनं गावकऱ्यांनी धरून वर नेलंय. त्याला लाव." नंबर मलाच शोधावा लागला, त्याची बोटं ग्रीसनं घसरत होती. एक घंटी, दोन, तीन. गुरम्मावहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांना काही कळत नव्हतं. पाचव्या घंटीला उदयसिंहनं उचलला. वाऱ्याचा मोठा आवाज. "सर! एक नंबर चाललीय सर! मला दिसतेय इथनं, खालच्या कपारीत आलीय. आज मोडतंय सर, तुमचं रेकॉर्ड!"

मी म्हणालो, "उदय, ऐक. मधे बोलू नकोस. आमचा तीन-एक्कावन्न खोटा आहे. मी माथ्यावर आल्यावर घड्याळ थांबवलं. गुरु पंचवीस मिनिटांनी आला. आणि वरच्या चिरेत आम्ही सात कड्या लावल्या होत्या. पिंकीला मी खोटं सांगितलं. तिला थांबव. कड्या लावल्याशिवाय त्या चिरेत जाऊ देऊ नकोस." बोलताना मला वाटत होतं की हे वाक्य संपल्यावर काहीतरी होईल, निदान माझ्या आत काहीतरी सैल होईल. काही झालं नाही. नुसता वारा येत राहिला फोनमधून. मग शिट्टी ऐकू आली. तीन लांब शिट्ट्या. चढणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत असतो, जिथं आहेस तिथं थांब आणि आधी स्वतःला बांधून घे. उत्तर आलं नाही. उदयसिंहनं पुन्हा तीन दिल्या. मी फोन कानावर इतका दाबला होता की कान दुखायला लागला. गुरु माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याचा हात माझ्या खांद्यावर होता की माझा त्याच्या, ते आता आठवत नाही. पिंकीचा चप्पल हातात धरलेला अवतार, दगडाबाईचं सूप, काहीही डोळ्यांपुढं आलं नाही, खोटं कशाला सांगू. फक्त तो दोर दिसत होता, मोकळा. मग खूप खालून, बारीक, एक शिट्टी आली.

"थांबली," उदयसिंह म्हणाला. "पाचर बसवतेय. कडी लावली."

मी म्हटलं, "बरं झालं रे बाबा. बरं झालं." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचंही सुचत नव्हतं. मला वाटलं तो आता शिव्या देईल. त्यानं आधी खाली ओरडून काहीतरी सांगितलं. मग विचारलं, "सर, मग खरं रेकॉर्ड कुणाचं?" मी म्हटलं, पुण्याच्या पोरांचं. जुनंच. चार तास पाच.

"चार-पाच?" तो म्हणाला. वारा होता. "सर, जानेवारीत मी पडलो ना, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही चार तास चार मिनिटांत आलो होतो. मी आणि पिंकी. सगळ्या कड्या लावून. मागच्याचा हात लावून, नीट मोजून." त्याचा आवाज अगदी साधा होता. "रात्रभर बसलो होतो सर आम्ही तंबूत. हरलो म्हणून. म्हणून दुसऱ्या दिवशी सोडल्या मी कड्या."

गुरु माझा दंड धरून विचारत होता, काय म्हणतोय, थांबली ना पोरगी, वाचली ना. मी मान डोलावली.